खत थांबवा, आधी मूळ बघा: तीन वर्षं वापरलेल्या कुंडीतल्या मातीबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात चौथ्या मजल्यावरची गच्ची, १५ इंची २६ ग्रो बॅगा. तीन वर्षांपूर्वी लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत समान घेऊन भरलेल्या. माती कधी बदलली नाही. दर हंगामात जेवढी खाली बसली तेवढं घरचं कंपोस्ट वरून घातलं. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं गेलं, दुसरं बरं गेलं. यंदा गणपतीनंतर लावलेले टोमॅटो पिवळे पडून वीतभर उंचीवर अडकलेत, वांगी दुपारी माना टाकतात, मेथी दोन पानांवर आली की आडवी होते. मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. उन्हाळ्यापासून सोसायटीत बोअरचं पाणी जास्त येतं. आजवर गोमूत्र, मोहरीची पेंड, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), ताक आणि गावाहून आणलेली चुलीतली राख एवढं सगळं घालून झालंय. आणि आता विचारताय की माती संपली का, फेकून नवी आणू का.

फेकू नका. पण आणखी काही घालूही नका. पुढचे १५ दिवस साधं पाणी, तेही बोटभर खोल माती कोरडी लागली तरच.

मी १९ वर्षं गच्चीवर भाजी लावते आहे, आणि जुन्या मातीबद्दल मला येणाऱ्या दहांपैकी सात-आठ प्रश्नांत यादी अशीच असते: पान पिवळं दिसलं की घाल काहीतरी. जुनी माती उपाशी असते असं आपण धरूनच चालतो. ती बहुतेक वेळा उपाशी नसते. ती घुसमटलेली असते, नाहीतर खारट झालेली असते, नाहीतर तिच्यात कोणीतरी मुक्कामाला आलेलं असतं. या तिन्ही वेळा वरून खत घालणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पुरणपोळी वाढणं. पानावरून यातलं काय ते पुरतं कळत नाही, कारण मूळ कुठल्याही कारणाने बिघडलं तरी पान पिवळंच पडतं.

म्हणून पहिलं काम: एक टोमॅटो आणि एक वांगं, सगळ्यात वाईट दिसणारं, उपटायचं. हिसका देऊन नाही. बॅगेची एक बाजू खाली दुमडा, खुरप्याने माती मोकळी करा, मुळांसकट गड्डा बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग हलकेच हलवून धुवा. धुतलेलं मूळ पांढऱ्या ताटलीत उजेडात ठेवून बघा.

मूळ तपकिरी आहे आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते? मग ती मुळकूज आहे. मातीला गटारासारखा वास असेल तर शंकाच नको. पाणी साचून हवा संपली की असं होतं, आणि अशा ओल्या जागी बुरशी आयतीच येते.

मुळावर जागोजागी गाठी आहेत, साबुदाण्यापासून हरभऱ्याएवढ्या, आणि त्या मुळाच्याच फुगलेल्या भागासारख्या दिसतात, खरवडून निघत नाहीत? मग सूत्रकृमी, म्हणजे मुळात घर करणारे डोळ्याला न दिसणारे जंत. इथे एक घोटाळा नेहमी होतो. चवळी, घेवडा, मेथी यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बाजूला चिकटवल्यासारख्या असतात, नखाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आत गुलाबीसर दिसतात. त्या नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या, आपल्या कामाच्या. एका ओळखीच्या गृहस्थांनी त्या बघून घेवड्याच्या चार कुंड्या रिकाम्या केल्या होत्या.

मुळांवर कापसासारखा पांढरा पुंजका आणि मातीत मुंग्यांची ये-जा असेल तर मुळावरचा पिठ्या ढेकूण. मुळं कुरतडून तुटलेली असतील तर हुमणी. हुमणीचा भुंगेरा वळवाच्या पावसानंतर निघतो, शेणखतात आणि मातीत अंडी घालतो, आणि ऑगस्टपासून पुढे पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी मुळं खाते. मात्र पांढरी जाड अळी दिसली की ती हुमणीच असं नाही. अळी सपाट फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटू लागली तर ती बहुधा कुजकं खाणारी आहे, कंपोस्टच्या डब्यात सोडून द्या. हा खेळ नातवंडांना फार आवडतो.

आणि मुळं पांढरी, निरोगी, फक्त थोडी असतील, मातीला पावसाळ्यातल्या रानासारखा वास असेल, तरच भूक. तेव्हाच खताचा विचार.

वांग्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण दुपारी माना टाकणं हे चार-पाच गोष्टींचं लक्षण आहे. संध्याकाळी पुन्हा टवटवीत होत असतील तर मुळं कमी पडतायत: कूज, गाठी किंवा क्षार. एके दिवशी माना टाकल्या त्या उचलल्याच नाहीत, आणि पानं हिरवीच असताना झाड गेलं, तर जिवाणूजन्य मर तपासा. जमिनीलगतच्या खोडाचा चार-पाच बोटं लांब तुकडा कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा दोऱ्याने असा टांगा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल. पेला हलवू नका. मर असेल तर पाचेक मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागा पाण्यात खाली उतरताना दिसतो, उदबत्तीचा धूर उलटा केल्यासारखा. कोकणात आणि गोव्यात, गरम दमट हवा आणि आम्लधर्मी लाल मातीत, हा रोग पाचवीला पुजलेला. पुण्यात कमी, पण रोपं आणि माती कुठून आली त्यावर आहे. धागा दिसला तर त्या एका बॅगेची माती खरंच फेका. यावर घरगुती उपाय नाही. दूध दिसलं नाही आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली तर बुरशीची मर. ती माती फेकायला नको, पण तिच्यात पुढची तीन-चार वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काही लावू नका.

आता तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज सांगते. बहुतेक बॅगांत दोन गोष्टी एकत्र झाल्यात: मातीचा भुगा झालाय आणि क्षार साठलेत.

भुगा कसा, तर कोकोपीट आणि गांडूळखत दोन्ही शेवटी कुजणारे पदार्थ. पहिल्या वर्षी कोकोपीटचे धागे मातीचे कण एकमेकांपासून दूर ठेवतात, त्या फटींतून हवा खेळते. तिसऱ्या वर्षापर्यंत धागे मोडून पीठ होतं आणि लाल मातीचे बारीक कण त्या फटींत जाऊन बसतात. वर तुम्ही दर हंगामात चाळलेलं मऊ कंपोस्ट घालत गेलात, म्हणजे स्पंजावर स्पंज. मूठभर ओली माती दाबून बघा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला आणि बोटाने टोचूनही फुटला नाही तर हवा संपली. उलट हीच माती पार वाळली की आकसून कडा सोडते, आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. तुम्ही लिहिलंय की कधी पाणी वर साचतं आणि कधी लगेच तळातून निघून जातं. दोन्हीचं मूळ हेच.

यावर जाडंभरडं काहीतरी मिसळायला लागतं. जुनी माती दोन तगाऱ्या, जाडाभरडा माल एक तगारी. माझी पसंती भाताच्या तुसाला. मावळ, मुळशी, भोरकडच्या गिरणीत पोतंभर तूस स्वस्तात मिळतं, आणि ते लवकर कुजत नाही. जळकं काळं तूस मिळालं तरी चालेल, पण त्याने माती थोडी अल्कधर्मी होते, म्हणून तुम्ही साधंच घ्या. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, नारळाच्या शेंडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, यांतलंही काही चालेल. फक्त हे सगळं मातीत मिसळायचं, तळाला थर द्यायचा नाही. तळाला विटांचा थर दिला की निचरा सुधारतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मीही पहिली पाच-सहा वर्षं तेच केलं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात उतरायला कुरकुरतं आणि त्या सीमेवरच अडून बसतं. म्हणजे ओला चिखलाचा पट्टा तळाऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर फुटक्या खापरीचा एक तुकडा पुरे.

आता क्षार. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी बऱ्यापैकी मऊ आहे. बोअरचं पाणी काळ्या कातळातून येतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. बादलीच्या आतल्या काठाला आणि गिझरच्या कॉइलवर जे साचतं तेच तुमच्या बॅगेत साचतंय, आणि पांढरा पापुद्रा म्हणजे त्याचं वरचं टोक. त्यात कोकोपीट न धुता वापरलं असेल तर त्याचा स्वतःचाही क्षार असतो. घरच्या कंपोस्टमध्ये उरलेली आमटी-भाजी, लोणच्याच्या फोडी जात असतील तर मीठही. वर तुम्ही घातलेलं एप्सम सॉल्ट हाही क्षारच, गोमूत्रातही क्षार, आणि राख तर माती आणखी अल्कधर्मी करते. राग मानू नका, पण बोअरच्या पाण्यावर राख हा उपाय आगीवर तुपासारखा आहे.

माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून टोमॅटो नीट बघा: शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची अडचण. खालची जुनी पानं सरसकट फिकट असतील तर नत्र कमी. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि फक्त याच एका वेळी एप्सम सॉल्टचा उपयोग. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी असतील तर क्षार. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ पैसे वाचतील. हाडांचा चुराही अल्कधर्मी मातीत जवळजवळ तसाच पडून राहतो. तुमच्याकडे असेल तर गुलाबवाल्या मैत्रिणीला देऊ नका, तिचीही माती पुण्याचीच.

मोजायचं असेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. वरची पापुद्र्याची माती बाजूला सारून चार बोटं खालची एक वाटी माती आणि आरओचं दोन वाट्या पाणी ढवळून अर्धा तास ठेवा, कपड्यातून गाळा, मोजा. आकडा ५०० पीपीएमच्या आत असेल तर क्षाराला दोष देऊ नका. हजाराच्या वर गेला तर मेथीसारखी कोवळी रोपं का मरतात ते कळलं. कागदावरचा नेमका आकडा हवा असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता (ईसी, म्हणजे क्षारांचं माप) करून घ्या. तिथे सामू साधारण ६.५ ते ७.५ आणि वाहकता १ च्या आत असेल तर ठीक मानतात.

क्षार काढायचा एकच रस्ता: धुणं. पण क्रम चुकवू नका. आधी तूस मिसळून निचरा सुधारायचा, मग धुवायचं, नाहीतर चिखल होईल आणि उरलीसुरली मुळंही जातील. तुमच्या बॅगेत साधारण ३० लिटर माती असेल. आधी पापुद्रा खरवडून टाका. मग महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी ३० ते ४० लिटर पाणी चार-पाच हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यानंतर तळातून निथळू देऊन. २६ बॅगांचा हिशेब हजार लिटरपर्यंत जातो, म्हणून मीटरवर ज्या वाईट निघतील त्याच धुवा. बाकीच्या मृगाच्या पावसात उघड्यावर ठेवल्या तर आपोआप धुतल्या जातात, यापेक्षा चांगलं पाणी कुठे मिळणार? निथळलेलं पाणी एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत जाणार नाही असं बघा. धुताना नत्रही वाहून जातं, तेव्हा धुतल्यानंतर आठ दिवसांनी प्रत्येक बॅगेला १०० ते १५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि दोन ओंजळी मुरलेलं शेणखत मातीत मिसळायचं आणि पंधरा दिवस थांबून मग लावायचं. पेंड ताजी असताना कुजते, अमोनिया सुटतो, त्यात रोप लावलं की मूळ भाजतं. मोहरीच्या पेंडीचंही तसंच. बहुधा तुमच्या टोमॅटोला तोही झटका बसलाय.

लोहासाठी अल्कधर्मी मातीत चालणारं चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं. शुद्ध सेंद्रिय सोवळं पाळणाऱ्यांना ते खटकेल. मी वापरते, वर्षातून एकदा, चिमूटभर.

मेथीचं कोडं यानंतरही उरतं, कारण ती क्षाराने, बुरशीने किंवा अर्धवट कुजलेल्या कंपोस्टने, तिन्हींनी आडवी होते. यासाठी चार वाट्यांचा प्रयोग करा. पहिलीत तुमची माती जशी आहे तशी. दुसरीत तीच, पण धुतलेली. तिसरीत तीच माती ओली करून इडलीपात्रात फडक्यावर अर्धा तास वाफवलेली आणि दोन दिवस उघडी ठेवून गार केलेली. चौथीत निम्मी विकतची कुठलीही भरवशाची माती आणि निम्मं तुमचं घरचं कंपोस्ट. प्रत्येकीत मेथीचे २० दाणे. बारा-पंधरा दिवसांत उत्तर येतं. दुसरी चांगली आणि पहिली वाईट: क्षार. तिसरी चांगली आणि पहिली-दुसरी वाईट: बुरशी, मग पेरणीआधी ट्रायकोडर्मा ही मित्र-बुरशी मुरलेल्या शेणखतात आठवडाभर वाढवून घाला, आणि त्याच महिन्यात कुठलंही रासायनिक बुरशीनाशक टाकू नका, नाहीतर ही मित्र-बुरशीही मरेल. फक्त चौथी वाईट: कंपोस्ट कच्चं. कच्चं कंपोस्ट मातीतलं नत्र स्वतः कुजण्यासाठी ओढून घेतं आणि रोप बघत राहतं. कंपोस्टची एक मूठ ओली करून घट्ट पिशवीत तीन दिवस ठेवली आणि उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला, तर अजून महिनाभर थांबा. (इडलीपात्र आधी घरच्यांना विचारून घ्या. आमच्याकडे यावरून जे झालं ते इथे सांगत नाही. आता माझं वेगळं पात्र आहे.)

गाठी निघाल्या तर मात्र या हंगामात त्या बॅगांची आशा सोडा. माझ्याकडे सूत्रकृमी एका नर्सरीतल्या वांग्याच्या सहा रोपांबरोबर आले आणि खुरपं न धुता वापरल्यामुळे दीड वर्षात अकरा कुंड्यांत पसरले. त्या मातीतली मुळं वेचून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नाही. बॅगेत दाट झेंडू लावा. दोन शोभेची रोपं कडेला लावून काही होत नाही. झेंडूची मुळं बॅगभर पसरायला हवीत, आणि झाड तीन महिने तरी उभं राहायला हवं. मग एप्रिलमध्ये ती माती गच्चीवर प्लास्टिकवर चार-पाच इंच जाडीने पसरा, ओली करा, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाबून बंद करा. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं, माती कमी तापते. चार ते सहा आठवडे, मध्ये एकदा उलटून. कोरड्या मातीत उष्णता नीट पोचत नाही, म्हणून ओल हवीच. गच्चीची फरशी खालूनही तापते, हा आपला फायदा. हे पूर्ण होईपर्यंत ती माती सोसायटीच्या बागेत ओतू नका, आणि ‘घ्या हो, चांगली कसदार आहे’ म्हणून शेजाऱ्यांना तर मुळीच देऊ नका.

मातीभोवती घोंगावणारी बारीक काळी चिलटं मोठ्या झाडाला फारसं करत नाहीत. पाणी कमी करा, पिवळे चिकट कागद लावा, जातात.

मग आत्ता काय लावायचं? दिवाळीनंतर धुतलेल्या, गाठी नसलेल्या बॅगांत पालक आणि बीट. आपला देशी पालक बीटच्याच कुळातला, आणि क्षार सोसण्यात दोघेही चिवट. घेवडा, गाजर, स्ट्रॉबेरी यंदा नको, ही तिन्ही क्षाराला फार नाजूक. मेथी वाट्यांचा निकाल आल्यावर. टोमॅटो, वांगी, मिरचीला जुन्या मातीत यंदा सुट्टी. हौस फारच असेल तर दोनच बॅगा नव्या भरा आणि त्यांना फक्त महापालिकेचं पाणी द्या.

आणि आजच एक करा, बॅगांवर १ ते २६ आकडे घाला. मार्करने नको, तो गच्चीच्या उन्हात दोन महिन्यांत उडतो, ऑइलपेंटने. वहीत प्रत्येक आकड्यापुढे मुळाचं वर्णन, टीडीएसचा आकडा आणि यंदाचं पीक लिहा. पेल्यातल्या पाण्यात धागा दिसला की नाही ते बॅगेच्या आकड्यासकट मला कळवा.